स्पोरन पोटावर चढतो, मांड्यांवर आपटतो? या चुका टाळा

एडिंबरा-ग्लासगोकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना कधी ना कधी स्कॉटिश मित्राच्या लग्नाचं बोलावणं येतं. नवरदेवासोबत उभं राहायचं असेल तर किल्ट, म्हणजे पुरुषांचा निऱ्यांचा गुडघ्यापर्यंतचा स्कॉटिश घागरा, भाड्याने घ्यावा लागतो. दुकानात किल्टची मापं काळजीपूर्वक घेतात. स्पोरन, म्हणजे किल्टच्या पुढे लटकवायची पिशवी, मात्र बरेचदा मधल्या मापाची साखळी जोडून कपड्यांबरोबर पिशवीत टाकतात. मग लग्नाच्या दिवशी किल्ट छान बसतो आणि पुढची ती चामड्याची पिशवी दिवसभर छळते.

किल्टला खिसे नसतात, म्हणून पैसे आणि किल्ल्या ठेवायला पुढे स्पोरन लटकवतात. त्याचं आणखी एक काम आहे: खुर्चीत बसल्यावर त्याच्या वजनाने पुढचं कापड मांड्यांमध्ये दाबलेलं राहतं. म्हणजे हा दागिना नाही, रोजच्या वापरातली वस्तू आहे, आणि ती अंगाला टोचता कामा नये. माझं मत सांगायचं तर दहातल्या आठ तक्रारींचं मूळ पिशवीत नसतंच, ते ती लटकवायच्या साखळीच्या पट्ट्यात असतं.

किल्टच खाली सरकलेला

जीन्स कंबरेखाली घालायची सवय असल्याने किल्टही तिथेच बांधला जातो. किल्टची जागा नाभीच्या रेषेत किंवा किंचित वर असते आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर येते. तो दोन इंच खाली बांधला की स्पोरनही तेवढाच खाली येतो आणि पाऊल टाकताना दोन्ही मांड्यांवर आपटायला लागतो. अशा वेळी साखळीच्या कड्या कमी करत बसू नका. किल्टचे पट्टे सोडा, तो वर घ्या, पुन्हा घट्ट करा आणि मगच स्पोरनकडे वळा.

पट्ट्याचं माप कंबरेवरून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. स्पोरनचा पट्टा कंबरेवर बसत नाही. तो पाठीमागे कंबरेजवळून निघून नितंबांच्या उंचवट्यावरून उतरतो आणि पुढे खाली झुकतो. शिवाय त्याच्या आत जाड लोकरीचा किल्ट असतो. पारंपरिक किल्टला आठ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरच्या आसपास कापड लागतं आणि त्यातलं बहुतेक मागच्या निऱ्यांत जातं. त्या निऱ्यांची जाडी मापात धरलीच पाहिजे. म्हणून किल्ट घालून, स्पोरन जिथे लटकवायचा तिथूनच टेप फिरवा. पँटचं माप सांगून ऑनलाइन पट्टा मागवला तर तो हमखास आखूड निघतो.

आखूड पट्ट्याची खूण ओळखायला सोपी आहे. स्पोरन पोटावर चढतो, त्याची खालची कड पुढे उचलली जाते, आणि खुर्चीत बसलात की वरची कड पोटात रुतते. पट्टा सैल असेल तर उलटं होतं: स्पोरन लोलकासारखा हलतो आणि जिना चढताना नको तिथे लागतो. योग्य उंचीसाठी आपला तळहातच वापरा. किल्टवर कंबरेला वेगळा बेल्ट बांधतात; त्याच्या बक्कलची खालची कड आणि स्पोरनची वरची कड यांत चार बोटं आडवी मावली पाहिजेत. उंच माणसाला थोडं जास्त अंतर शोभतं, बुटक्याला थोडं कमी.

साखळीच्या कड्या कमी-जास्त करताना दोन्ही बाजूंना सारख्या मोजा. एका बाजूला एक जरी कडी जास्त राहिली तरी स्पोरन तिरका दिसतो, आणि फोटोत ते लगेच लक्षात येतं.

पोट थोडं सुटलेलं असेल तर पट्टा पोटाखाली घसरतो आणि बेल्ट वर राहतो. तिथे पट्टा आवळल्याने काही साधत नाही. बेल्टला अडकवायच्या चामड्याच्या दोन छोट्या वाद्या मिळतात. स्पोरन त्यांना टांगला की नितंबांभोवतीचा पट्टा लागतच नाही. हा उपाय फार थोड्यांना माहीत असतो. मला तो सर्वात आरामदायक वाटतो आणि जाड अंगाच्या माणसाला मी आधी तोच सुचवेन.

साखळी थेट लोकरीवर घासू देणं

किल्टच्या पाठीमागे सहसा दोन रुंद लूप असतात. स्पोरनचा पट्टा त्यांतून ओवून घ्या, म्हणजे तो निऱ्यांवरून खाली घसरणार नाही. पूर्ण धातूची साखळी दिसायला झकपक असते, पण नितंबांच्या कडेला ती चालताना सतत घासते आणि काही काळाने तिथली लोकर विरळ होते. किल्ट स्वतःचा असेल तर मागचा भाग चामड्याचा आणि पुढे फक्त छोट्या साखळ्या असा पट्टा घ्या. भाड्याच्या किल्टला एका दिवसात काही होणार नाही.

विकत घेताना स्पोरन उलटा करून मागची बाजू बोटांनी चाचपून बघा. तिथे रिव्हेट, कडी किंवा शिवणीचं टोक बाहेर आलेलं असेल तर ते कापडाचे धागे ओढतं. गडद रंगवलेलं नवं चामडं फिक्या टार्टनवर (किल्टच्या चौकटीच्या कापडावर) वापरायचं असेल, तर आधी पांढरं फडकं ओलसर करून त्यावर घासा. फडक्याला रंग लागला तर तो किल्टलाही लागेल.

प्रसंग एक, स्पोरन दुसरा

साधा चामड्याचा, पुढे गोंडे असलेला स्पोरन दिवसाच्या कार्यक्रमाला. अंगावर फर, वर चामड्याचं झाकण असा मधला प्रकार बहुतेक लग्नांना चालतो. फर आणि वर धातूची कोरीव कमान असलेला भारी प्रकार संध्याकाळच्या मेजवानीला, प्रिन्स चार्ली या आखूड समारंभी जॅकेटबरोबर. घोड्याच्या केसांचा लांब स्पोरन सैनिकांना आणि पाइप बँडवाल्यांना (बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकाला) शोभतो. पाहुण्याने तो घालू नये. एकच घ्यायचा असेल तर मधला घ्या. तो हलका असतो आणि दोन्हीकडे खपून जातो.

खिसा समजून भरणं

मोबाइल, पॉवर बँक, पाकीट, गाडीची किल्ली असं सगळं कोंबलं की स्पोरन फुगतो, पुढे झुकतो आणि पट्टा मागे कमरेत रुततो. आत कार्ड, थोड्या नोटा, एखादी किल्ली आणि रुमाल एवढंच ठेवा. फोन जॅकेटच्या आतल्या खिशात जाऊ द्या.

नाचतानाही पुढेच ठेवणं

लग्नाच्या संध्याकाळी 'केली' हा स्कॉटिश समूहनाच असतोच, आणि त्यातल्या 'स्ट्रिप द विलो' या प्रकारामध्ये गिरक्यांवर गिरक्या घ्याव्या लागतात. धातूची कमान असलेला स्पोरन तेव्हा प्रत्येक उडीला आदळतो, शेजारच्यालाही लागतो. नाच सुरू होण्याआधी पट्टा फिरवून स्पोरन एका नितंबावर न्या. गाडी चालवतानाही तसंच करा. बँडमधले ड्रमवादकही तो कडेला घेतात, त्यामुळे असं करणं अशिष्ट दिसेल ही भीती नको. नाच संपल्यावर पुन्हा पुढे आणा आणि तळहाताने अंतर तपासा.

भाड्याचे कपडे हाती आले की त्याच दिवशी पूर्ण पोशाख घालून बघा. आरशासमोर उभं राहून काही कळत नाही. जिना चढा, मागच्या निऱ्या हाताने सपाट करत खुर्चीत बसा, बूट बांधायला वाका. लग्न शनिवारी असेल आणि पेटी शुक्रवारी रात्री उघडलीत, तर पट्टा बदलून आणायला वेळ उरत नाही.

पावसात भिजला तर स्पोरन हीटरवर ठेवू नका, चामडं कडक होऊन तडकतं. आत कागदाचे बोळे भरून खोलीच्या हवेत वाळू द्या. फर कोरडी झाल्यावर केसांच्या दिशेने मऊ ब्रश फिरवा.

आठवण म्हणून विकत घेणाऱ्यांनी फर कुठल्या प्राण्याची आहे हे आधी विचारावं. जुने भारी स्पोरन बरेचदा सीलच्या कातड्याचे असतात. अमेरिकेत १९७२च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यामुळे ते सहसा नेता येत नाहीत, आणि युरोपीय संघानेही २००९मध्ये सीलच्या वस्तूंच्या विक्रीवर निर्बंध आणले. न्यू जर्सीतल्या भावाला भेट न्यायची असेल तर गाईच्या कातड्याचा किंवा कृत्रिम फरचा घ्या, आणि पावतीवर तसं लिहून घ्या.