हायब्रिड गाडीचा आवाज वाढला? वर्कशॉपला जाण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात आमचे काकाजी त्यांची हायब्रिड, म्हणजे इंजिनसोबत बॅटरीवरच्या मोटरनेही चालणारी गाडी घेऊन दारात आले. "मागून सारखं घूंऽऽ होतंय, मोटर गेली वाटते." मागच्या सीटवर बसून कान लावला. सीटच्या बाजूला प्लास्टिकची एक जाळी असते. तिच्यातून केबिनमधली गार हवा ओढून पंखा हायब्रिड बॅटरी थंड ठेवतो. काकाजींनी नवं सीटकव्हर घातलं होतं, त्याची कड नेमकी त्या जाळीवर आलेली. आतला फिल्टर काढला तर धूळ आणि कुत्र्याच्या केसांचा नमदाच निघाला! फिल्टर साफ केला, कव्हर मागे घेतलं आणि घुंघुं थांबली.

नागपुरात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा ही चूक फार महाग पडते. बॅटरी तापली की गाडी तिच्याकडून काम कमी घेते, इंजिन जास्त वेळ चालतं. म्हणजे आवाज वाढतो आणि अ‍ॅव्हरेजही पडतं. जाळीपाशी पिशव्या, चादरी ठेवू नका. उन्हाळ्याआधी फिल्टर बघाच.

दुसरी चूक पायाची. टोयोटा हायराइडर किंवा मारुती ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे काही वेळ नुसत्या मोटरवरही चालणाऱ्या प्रकारात, नेहमीसारखे गिअर बदलत नाहीत; इंजिनचे फेरे चाकांच्या वेगाशी बांधलेले नसतात. वर्धा रोडवर सिग्नल सुटताच पेडल तळाला नेलं की इंजिन एकदम चढतं आणि त्याच सुरात ओरडत राहतं. क्लच घसरतोय असं वाटतं, पण तसं काही नसतं. पेडल हळू दाबा, वेग आला की पाय जरा उचला.

व्हरायटी चौकात थांबल्यावर काही जण जुन्या सवयीने न्यूट्रल टाकतात. या गाड्यांत न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी बॅटरी चार्ज होत नाही, आणि एसी मात्र तिच्यावरच चालतो. ती उतरली की पुढे इंजिनला जोर लावावा लागतो. डी (पुढे जायच्या गिअर) मध्येच ब्रेक दाबून थांबा. उभ्या गाडीत इंजिन मध्येच सुरू झालं, तर तो बिघाड समजू नका.

आता आपल्या सिमेंट रस्त्यांबद्दल. इंजिन बंद असताना टायरची घरघर उघडी पडते आणि लोक चाकाचं बेअरिंग बदलायला निघतात. आधी त्याच वेगाने डांबरी रस्त्यावर जाऊन बघा. तिथे आवाज एकदम उतरला तर तो टायरचाच. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. "थोडी जास्त टाक" म्हणू नका, त्याने हादरेही वाढतात. पण स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर घरघर बदलत असेल, तर मात्र बेअरिंग दाखवा.

पावसानंतर पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारी खरखर डिस्कवरच्या गंजाची असते, जाते. इंजिन सुरू होताना धक्का वाढत चालला असेल, तर माउंटिंग, म्हणजे इंजिनला धरून ठेवणारे आधार, तपासून घ्या. आणि बॉनेटखालच्या नारिंगी केबलना स्वतः हात लावू नका, त्यांत शेकडो व्होल्ट असतात.