सिल्व्हर क्लाउड ड्रॉपहेड घ्यायचीय? मग पेंट सगळ्यात शेवटी बघा

रोल्स रॉइस सिल्व्हर क्लाउडचं ओपन मॉडेल, म्हणजे दुमडणाऱ्या कापडी छपराची ड्रॉपहेड, समोर आलं की भल्याभल्यांचं भान हरपतं, त्यात नुकतंच रिस्टोरेशन झालेलं असेल, नवीन लेदर, चकाचक क्रोम, मग तर माणूस तिथेच टोकन देऊन मोकळा होतो. पण आधी एकच गोष्ट शोधायची, ही गाडी मुळात ड्रॉपहेड म्हणूनच बनली की नंतर कोणीतरी सलूनचं, म्हणजे पक्क्या छपराच्या गाडीचं, छप्पर कापलंय?

क्लाउड १९५५ ते १९६६ मध्ये इंग्लंडात क्रू या गावी बनायची, बहुतेक सगळ्या चार दरवाजांच्या सलून. चेसिस (खालचा सांगाडा) मात्र बॉडीपासून वेगळी, त्यामुळे लंडनच्या एच. जे. म्युलिनरसारख्या कोचबिल्डरना, म्हणजे चेसिसवर वेगळी बॉडी बनवून देणाऱ्यांना, त्यावर दोन दरवाजांची ओपन गाडी करता आली. (१९५९ ला रोल्स रॉइसने म्युलिनर घेतली आणि १९६१ मध्ये पार्क वॉर्ड या दुसऱ्या कोचबिल्डरबरोबर एकत्र केली, म्हणून नंतरच्या गाड्या म्युलिनर पार्क वॉर्डच्या.) अस्सल गाड्या मोजक्याच आणि मागणी भरपूर, मग पुढे बऱ्याच सलून कापल्या गेल्या. कन्व्हर्जन वाईटच असतं असं नाही, काही फार मन लावून केलेली आहेत, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तशी गाडी अस्सल सांगून विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे.

म्हणून सुरुवात कागदांपासून. चेसिस नंबर लिहून घ्या आणि नॉर्दॅम्प्टनशायरमधल्या रोल्स रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे त्या गाडीच्या मूळ चेसिस कार्डांची (कारखान्यातल्या नोंदींची) कॉपी मागा, त्यात बॉडी कुठली, पहिला मालक कोण, ऑर्डर काय होती हे सापडतं. सिलवर (दरवाजाखालच्या पट्टीवर) कोचबिल्डरची प्लेट दिसली म्हणून खूश होऊ नका, प्लेट काय, कुठूनही आणून लावता येते.

मग पत्रा. स्टँडर्ड बॉडीत दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, बाकी स्टील. मालकाला विचारून मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक मडगार्डवर आणि सिलवर हळूहळू फिरवा, जिथे पकड एकदम ढिली पडते तिथे पेंटखाली पुट्टीचा थर असणार. ॲल्युमिनियम आणि स्टील जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओलावा शिरला की गंज लवकर धरतो, त्यामुळे दरवाजाच्या खालच्या कडेला बोट फिरवून बघा, पेंटखाली बारीक फोड लागले तर रिस्टोरेशन वरवरचं आहे. कन्व्हर्जनमध्ये बऱ्याचदा सलूनचाच पुढचा दरवाजा तुकडा जोडून लांब केलेला असतो, आतलं ट्रिम काढू दिलं तर वेल्डिंगचा उभा सांधा दिसतो. काढू देत नसतील तर घाई करू नका.

आता माझ्या मते सगळ्यात बोलकी जागा, दरवाजाची गॅप. छप्पर गेलं की बॉडीचा बराच ताठपणा जातो आणि नीट मजबुती दिली नसेल तर गाडी मधोमध बसते, मग गॅप वरती चिमटते आणि खाली फाकते. दोन्ही बाजू बघा, नंतर गाडी जॅकवर घेऊन दरवाजा परत उघडा-लावा, घासला किंवा अडकला तर आतली चौकट कमकुवत आहे, आणि ते दुरुस्त करायचं म्हणजे पेंट, ट्रिम, हूड सगळं परत उघडणं आलं.

हूड, म्हणजे ते कापडी छप्पर, स्वतः दोनतीनदा उघडबंद करून बघा आणि वर चढवलेला असताना पुढच्या काचेच्या वरच्या कडेला पाइपने पाणी मारा, आत कार्पेट दाबून ओल येते का ते बघा.

इंजिनचं थोडक्यात सांगतो. क्लाउडच्या तीन आवृत्त्या, वन, टू आणि थ्री. वनला ४,८८७ सीसीचं सहा सिलिंडर, टू आणि थ्रीला ६,२३० सीसीचं ॲल्युमिनियम व्ही-एट. व्ही-एटचा कूलंट वर्षानुवर्षं बदलला नसेल तर आतून खातं, म्हणून इंजिन गार असताना सुरू करायला सांगा आणि पूर्ण तापेपर्यंत टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. ब्रेकचा सर्व्हो (पायाच्या दाबाला जोर देणारा भाग) गिअरबॉक्सवर चालतो, त्यामुळे अगदी रांगत्या स्पीडला मदत किंचित उशिरा मिळते, तो दोष समजू नका, पण चांगल्या स्पीडला गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते दुरुस्तीचं काम आहे.

शेवटी रिस्टोरेशनचे फोटो मागा, आणि ते पेंट केल्यानंतरचे नकोत, उघड्या पत्र्याचे, सिल कापून नवीन घातले तेव्हाचे. ज्याने खरंच मेहनत घेतलीय त्याच्याकडे असे फोटो ढिगाने असतात आणि तो ते कौतुकाने दाखवतो.