शेतकरी आठवडे बाजारात जाताना डबा न्या

२०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, म्हणजे समितीबाहेर थेट गिऱ्हाइकाला विकायची वाट खुली झाली, आणि पुण्या-मुंबईत शेतकरी आठवडे बाजार वाढले. तिथे जाताना दोन कापडी पिशव्या तर घ्याच, पण झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबाही घ्या. बचत गटाच्या ताईंकडचा खरवस प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आणून बघा, म्हणजे कळेल.

पालेभाजी हवी तर लवकर गाठा. उशिरा गेलात तर भाव उतरलेला असतो, पण मेथी मान टाकून बसलेली असते. टोमॅटो, कांदे, भोपळा मात्र उशिरा घेतले तरी बिघडत नाही.

विकणारा खरंच शेतकरी आहे का, हे ओळखायला गाव विचारा, मग "पुढच्या आठवड्यात काय निघेल?" असं विचारा. शेतकरी लगेच सांगतो. एकाच गाळ्यावर वांगी, सफरचंद आणि किवी मांडलेली दिसली तर तो व्यापारी समजा. माल वाईटच असेल असं नाही, पण मग 'थेट शेतातून' म्हणून चार पैसे जास्त कशाला मोजायचे?

लोणची, चटण्या, घाण्याचं तेल घेताना पाकिटावर बनवल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक बघा. चव मागायला लाजू नका. आणि थालीपीठ तव्यावरून उतरताना तिथेच खा. पार्सल नेलंत की त्याचं चामडं होतं.

सुटे पैसे ठेवा. गर्दीत नेटवर्क हमखास रुसतं.