लग्नाची फुलं: निवड आणि हिशेब

रंग ठरवण्याआधी जागा मोजा. हातातले गुच्छ, केस, प्रवेशद्वार, टेबलं: कुठे किती दांडे लागतील ते लिहून काढा आणि बेरजेवर दहा टक्के जास्त धरा, कारण ने-आण करताना काही मोडतातच. मध्यम आकाराच्या गुच्छाला २० ते २५ गुलाब पुरतात.

समारंभ उन्हात असेल तर शेवंती, कार्नेशन तग धरतात. हायड्रेंजिया दिसते भरगच्च, पण पाण्याबाहेर लवकर मलूल होते. ती भांड्यातच शोभते.

लिली बहुधा कळ्यांत मिळते, म्हणून तीन-चार दिवस आधी आणा. कळी उघडू लागली की पुंकेसरांची टोकं लगेच चिमटीने खुडा. उशीर झाला तर त्यांची भुकटी होते आणि कपड्यांवर नारिंगी-तपकिरी डाग पडतात. पडलाच, तर पाणी लावू नका, चोळू नका; चिकटपट्टीने टिपून घ्या. घरात मांजर असेल तर लिली नकोच, ती मांजरांना विषारी असते.

गुलाब दोन दिवस आधी आणले तरी चालतात. धारदार सुरीने देठ दोनेक सेंटिमीटर तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा. ती कुजली की जंतू वाढतात, देठाच्या नळ्या तुंबतात आणि बादली भरलेली असूनही फूल मान टाकतं. बादलीही साबणाने घासलेली हवी. बाहेरच्या खरबरीत पाकळ्या मात्र शेवटी काढा, तोवर त्या आतल्यांना जपतात.

फुलं फळांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन मिटतं. ऑर्किड आणि अँथुरियम तर नुसत्या गारठ्यानेच काळवंडतात.