ब्लॅक टँकला पाणी कमी पडू देऊ नका

आमच्या ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराच्या, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. नवीन ट्रेलर घेतलेलं कुणी भेटलं की बाकी सगळं विचारून झाल्यावर, जरा आवाज खाली आणून, हा विषय काढतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नीट केलं तर पंधरा मिनिटांचं काम आहे आणि हातसुद्धा खराब होत नाहीत. चुकलं तर मात्र ट्रेलरमध्ये बसवत नाही. तो अनुभव मी घेतला आहे आणि तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

ट्रेलरखाली साधारण तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी ग्रे टँक, म्हणजे बेसिन आणि शॉवरचं सांडपाणी. तिसरी ब्लॅक टँक, म्हणजे मैल्याची, टॉयलेटच्या बरोबर खाली. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या बाहेर बहुधा एकाच ३ इंची तोंडाशी येऊन मिळतात आणि प्रत्येकीला ओढून उघडायचा आपापला व्हॉल्व्ह असतो. काही ट्रेलरमध्ये स्वयंपाकघराची ग्रे टँक वेगळी असते आणि तिचं तोंड भलतीकडेच असतं. पहिल्याच दिवशी खाली वाकून हे सगळं बघून घ्या.

आता माझी चूक सांगते. पहिल्या सहलीत आम्हाला गटाराचं कनेक्शन असलेली जागा मिळाली. पाइप जोडला आणि घरच्यासारखं सगळं परस्पर वाहून जाईल असं समजून मी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवले. चार दिवस सगळं छान चाललं. पाचव्या दिवशी फ्लश केल्यावर पाणी भांड्यातच थांबलं. टॉर्च मारून पाहिलं तर कागद आणि मैल्याचा घट्ट ढीग खालून थेट भांड्याच्या तोंडापर्यंत आलेला. झालं असं होतं, की पाणी लगेच निथळून गेलं आणि घट्ट भाग जिथे पडला तिथेच बसला, वाळला, वर वर चढत गेला. घरातल्या पाइपला उतार असतो. ट्रेलरची टाकी जवळजवळ सपाट असते. तिच्यातला मैला तेव्हाच बाहेर जातो, जेव्हा त्याच्यामागे भरपूर पाणी एकदम धावतं.

तो ढीग काढायला दोन दिवस गेले. व्हॉल्व्ह बंद केला, लांब काठीने वरून जरा वाट करून दिली, टाकीत कोमट पाणी भरलं, रात्रभर भिजू दिलं, सकाळी ट्रेलर थोडा फिरवून आणला म्हणजे आतलं घुसळलं जाईल, आणि मग रिकामी केली. हे तीनदा करावं लागलं. उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिकची टाकी आणि रबरी सील खराब होतात.

तेव्हापासून ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह कायम बंद. टाकी निदान दोनतृतीयांश भरल्याशिवाय तो उघडायचा नाही. निघायची वेळ झाली आणि टाकी अर्धीच असेल तर वरून पाणी ओतून भरून घ्यायची. रिकामी केल्यावर लगेच आठ-दहा लिटर पाणी आत सोडायचं, म्हणजे तळ कोरडा राहत नाही. फ्लश करताना पाणी वाचवू नका. आमच्याकडे मुलांना शिकवलं आहे, आधी भांड्यात पाणी घ्यायचं आणि पेडल पाच अंक मोजेपर्यंत दाबून ठेवायचं. ट्रेलरमधली काटकसर भांडी घासताना करा, टॉयलेटमध्ये नको.

कागद कोणता चालेल हे बरणीत तपासता येतं. दोन-तीन तुकडे पाण्यात टाकून झाकण लावा आणि जोरात हलवा. लगेच विरघळून लगदा झाला तर चालेल. तुकडे तसेच राहिले तर नको. ओले वाइप्स मात्र कधीच टाकू नका, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

रिकामं करायची माझी रीत अशी आहे. हातमोजे घालते. दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण आत ढकललेले आहेत ना, हे हाताने चाचपते. तोंडाखाली बादली ठेवते आणि मगच झाकण हळू फिरवते, कारण व्हॉल्व्ह किंचित जरी गळत असला तरी झाकणामागे पाणी साठून बसलेलं असतं. पाइपचं एक टोक आधी गटाराच्या तोंडात घट्ट बसवते आणि त्यावर वजन ठेवते. दुसरं टोक ट्रेलरला लावून फिरवते आणि आकड्यांत अडकलं का हे एकदा ओढून बघते. हे ओढून बघणं विसरू नका. पाइप कुठेही झोळीसारखा लोंबकळू देऊ नका, सलग उतार हवा. पाइपच्या ट्रेलरकडच्या टोकाला लावायचा पारदर्शक वाकडा जोड (एल्बो) मिळतो, तो अवश्य लावा. त्यातून पाणी किती स्वच्छ आलं ते दिसतं.

आधी ब्लॅक. व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण ओढा. पहिला लोंढा धाडकन येतो, मग आवाज बारीक होतो, मग नुसती धार. धार थांबली तरी अर्धा मिनिट थांबा. टाकी धुवायचं वेगळं कनेक्शन असेल तर या वेळी पाणी सोडा, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून. तो बंद असताना पाणी सोडून बाजूला गेलात, तर भरलेल्या टाकीतलं पाणी टॉयलेटमधून ट्रेलरमध्ये येतं. ब्लॅक बंद केल्यावर ग्रे उघडा. साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं, म्हणूनच हा क्रम. एका जागी मुक्काम असताना ग्रेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला असेल तर टाक्या रिकाम्या करायच्या निदान आदल्या दिवशी तो बंद करून ठेवा, नाहीतर पाइप धुवायला पाणीच उरत नाही. फक्त लक्ष ठेवा, ग्रे टँक तुडुंब भरली की पाणी सगळ्यांत आधी शॉवरच्या जाळीतून वर येतं.

टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या दिव्यांवर माझा विश्वास नाही. टाकीच्या भिंतीतल्या, पातळी ओळखणाऱ्या खिळ्यांना कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. फ्लश करताना भांड्यातून बुडबुडा ‘भुडूक’ करून वर आला, तर टाकी भरत आली असं समजा. आतल्या हवेला छतावरच्या नळीतून जायला वाट उरलेली नसते.

वास येत असेल तर आधी एक्झॉस्ट पंखा बघा. तो चालू असताना फ्लश केलं की टाकीतली हवा वर खेचली जाते. पंखा बंद, मग फ्लश. भांड्यात पाणी टिकत नसेल तर सील पुसा, नाहीतर बदला. ट्रेलर बरेच दिवस उभा असेल तर बेसिनखालच्या वाकड्या पाइपातलं, वास अडवणारं पाणी वाळलेलं असतं. प्रत्येक जाळीत पेलाभर पाणी ओता. टाकीत वासासाठी औषध टाकायचं तर एन्झाइमचं घ्या. फॉर्मल्डिहाइडवालं सेप्टिक टँकमधले उपयोगी जंतू मारतं. ब्लीच तर नकोच, लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

भरलेल्या टाक्या घेऊन लांब जाऊ नका. लिटरला किलो, म्हणजे १५० लिटरची टाकी १५० किलोची झाली.

पाइप काढताना ट्रेलरकडचं टोक आधी सोडा आणि उंच धरत गटाराकडे चालत जा, आतलं सगळं निथळेल. मग पाइप धुवा. तो धुवायची नळी आणि पिण्याच्या पाण्याची नळी वेगवेगळी हवी, रंगही वेगळे आणि ठेवायच्या पेट्याही वेगळ्या. मी पिण्याची नळी ट्रेलरच्या दुसऱ्या बाजूच्या कप्प्यात ठेवते. जागा धुऊन, गटाराचं झाकण लावून मग हातमोजे काढते, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय दाराच्या कडीला हात लावत नाही.