गोव्याच्या दमट हवेत घरचे चर्मकामाचे टेबल: हत्यारांची मांडणी कशी बनवावी

चामड्याचे काम शिकणारा बहुतेक जण हत्यारांसाठी पहिली वस्तू बनवतो ती चामड्याची गुंडाळी किंवा म्यान. कोरड्या गावात ते चालून जाते. गोव्यात नाही. वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेल्या चामड्यात बाभळीच्या सालीचा, हिरड्याचा आम्लधर्मी अंश राहिलेला असतो, आणि जून ते सप्टेंबर ते चामडे हवेतला ओलावा शोषत राहते. अशा म्यानात रापी (चामडे कापायची सुरी) आठवडाभर राहिली की पात्यावर तांबूस ठिपके उठतात. ठिपक्यांची ती रापी ओलसर चामड्यावर फिरवली की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून शाई व्हायची, तोच हा प्रकार. डाग ताजा असेल तर लिंबाच्या रसाने फिका होतो, जुना जात नाही. म्हणून इथे हत्यार ठेवायची जागा लाकडाची, खालून उघडी आणि भिंतीपासून सुटी असावी. दिसण्याचा विचार त्यानंतर.

जागा आणि टेबल

घरापुढचा बलकाव किंवा पडवी उजेडासाठी मोह घालते, पण पावसाची झड तिथेच येते. घरातली आतली भिंत निवडा. पश्चिमेची बाहेरची भिंत नको, पावसाळ्यात ती आतून ओली होते.

टेबलाच्या फळीसाठी १८ मिमी जाडीचा मरीन प्लायवूड घ्या. ८ × ४ फुटांच्या एका शीटमधून १२०० × ६०० मिमीचे चार तुकडे निघतात. दोन तुकडे एकावर एक, पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने चिकटवा, म्हणजे ३६ मिमीची भक्कम फळी होते. तिसरा तुकडा मागच्या फलकाला, चौथा खालच्या कप्प्याला. कडा उघड्या ठेवू नका, वाळवी आणि पाणी दोन्ही तिथूनच शिरतात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी घ्या. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू गंजून लाकूड काळे करतात.

उंची उभे राहून ठरवावी: हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येते तिथे फळी. शिवायला बसण्यासाठी फळीपेक्षा २५ ते ३० सेंमी खाली येईल असे स्टूल.

ठोकण्याची जागा मात्र फळीच्या मध्यावर करू नका. मोगरीचा घाव फळीच्या लवचिकपणात विरतो आणि पंच (चामड्यात भोक पाडायचे हत्यार) तीन-तीनदा ठोकावा लागतो. टेबलाच्या एका पायाच्या बरोबर वर, ओट्याच्या कामातून उरलेला ३०० × ३०० मिमीचा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. खाली ३ मिमी रबर, वर भांड्यांच्या दुकानात मिळणारा १० मिमी जाडीचा पांढरा प्लास्टिकचा कटिंग बोर्ड. पंचाची धार या बोर्डात रुतते, दगडापर्यंत जात नाही. घाव घालायला लाकडी किंवा नायलॉनची मोगरी वापरा. लोखंडी हातोडीने पंचाची माथी पसरतात आणि मग ती ठोकळ्याच्या भोकातून निघत नाहीत.

आधी कागदावर

हत्यारे उभी ठेवायच्या ठोकळ्यात भोके पाडण्यापूर्वी टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून सगळी हत्यारे कामाच्या क्रमाने मांडा: आखणी, कापणी, कड तासणे, चिकटवणे, टोचणी, शिवण, कड घोटणे. आठवडाभर तसेच काम करा. ज्या हत्याराकडे हात आपसूक जातो ते पुढे घ्या, जे दोनदाही उचलले नाही ते खालच्या कप्प्यात. हा आठवडा वाचवला तर पुढे नवा ठोकळा करावा लागतो.

पंच आणि ठशांचा ठोकळा

पंच आणि नक्षी उठवायचे ठसे ठेवायच्या ठोकळ्यासाठी सुताराकडे साग किंवा फणसाचा उरलेला तुकडा मागा. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण त्याला भुंगा लवकर लागतो. माप ३६० × ७५ × ४० मिमी.

पुढच्या कडेपासून २२ मिमीवर एक रेघ आणि मागच्या कडेपासून २५ मिमीवर दुसरी. पुढच्या रेघेवर ३० मिमीपासून सुरू करून दर ३० मिमीवर खूण करा, अकरा भोके होतात. मागची ओळ १५ मिमी सरकवून ४५ मिमीवर सुरू करा, दहा होतात. ओळी अशा आडव्या-तिरप्या असल्या की मागचे हत्यार उचलताना पुढच्याला बोट लागत नाही. भोक हत्याराच्या दांड्यापेक्षा १ मिमी मोठे, म्हणजे ६ मिमीच्या दांड्याला ७ मिमी. अगदी मापाचे भोक पाडले तर जुलैत लाकूड फुगते आणि ठसा आत अडकतो. भोके आरपार पाडा. खाली टाकाऊ फळी दाबून धरली तर तळाचे लाकूड उसवत नाही.

आता तळाला खिडकीला लावतात ती डासांची जाळी, स्टेनलेस स्टीलची, स्टेपलने ठोका. ठसा जाळीवर टेकतो, भुगा खाली पडतो, हवा खालून वर जाते. ठसे तोंड वर करून ठेवा, पाहिजे तो शोधावा लागत नाही आणि नक्षीही घासत नाही. शेवटी पाय लावा: पुढे १२ मिमी, मागे २५ मिमी. ठोकळा तुमच्याकडे झुकतो, म्हणून तिरकी भोके पाडायची गरजच उरत नाही.

मुठीच्या हत्यारांची पट्टी

आरी, टोचा, कड गोल करायचे बेव्हलर, रापी यांना ठोकळा नको, टोके जाळी फोडतील. ४५० × ३० × १२ मिमीच्या दोन पट्ट्या घ्या आणि त्यांच्यामध्ये ८ मिमी जाडीचे, २० मिमी लांबीचे तुकडे दर २५ मिमीच्या फटीने चिकटवा. पटाशीने खाचा कोरत बसण्यापेक्षा हे सोपे आणि सरळ होते. पाते फटीतून खाली उतरते, मूठ पट्ट्यांवर टेकते. बिनमुठीच्या रापीसाठी आणखी एक पट्टी, ४ मिमी जाडीच्या तुकड्यांची. त्या रापीच्या मागच्या टोकाला, फटीतून जाणार नाही इतकी जाड दोरी गुंडाळावी. लटकणाऱ्या पात्यांसमोर ६० मिमी रुंद अॅक्रिलिकची पारदर्शक पट्टी लावाच. दोरा घ्यायला हात गेला की बोट कापते ते इथेच.

चुंबकी पट्टी टाळा. धार लावताना उडणारा पोलादाचा भुगा तिला चिकटतो, तिथून रापीला, रापीवरून ओल्या चामड्याला, आणि पुन्हा तोच काळा डाग. धार लावण्याचे कामही या टेबलावर करू नये.

या पट्ट्या ज्याला लावायच्या तो मागचा फलक भिंतीला थेट ठोकू नका. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत भुसभुशीत असते, आखूड प्लग फिरू लागतो. निदान ५० मिमीचे प्लग घ्या, आणि फलकामागे २० मिमीच्या ठोकळ्या घालून मोकळी फट ठेवा.

पॉलिश आणि वेळ

कच्चे जवसाचे तेल लावू नका, ते बराच काळ चिकट राहते आणि त्यावर बुरशी धरते. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन पातळ हात द्या, भोकांच्या आतही, काडीला कापूस गुंडाळून. हे सगळे दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका. पावसात पॉलिश नीट वाळत नाही. वाळल्यावरही तीन दिवस हत्यारे ठेवू नका.

पावसाळ्यातली देखभाल

जूनच्या सुरुवातीला प्रत्येक पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल घरात हाताशी असते, पण ते खवट होते, चिकटते आणि चामड्यावर उमटते. वापरण्यापूर्वी पाते पुसायचेच.

चामडे घडी घालून नव्हे, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा आणि चार इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात ठेवा. पाइपची दोन्ही टोके उघडी, तोंडावर सुती कापड. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या चामड्यावर पावसात हटकून बुरशी येते. पाइप जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून चार बोटे लांब ठेवा. दर आठ-दहा दिवसांनी गुंडाळी उघडून पंख्याखाली तासभर पसरा. पांढरी बुरशी दिसली तर ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, टेबलावर झाडलीत तर शेजारचे चामडेही धरते.

दोरा पॉलिएस्टरचा असेल तर फक्त धूळ सांभाळायची. तागाचा असेल तर मधमाशीचे मेण लावून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या) पुड्यांसोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात.