मुलांना पाण्यात सोडण्याआधी १० मिनिटं

फोटोत सगळेच किनारे शांत दिसतात. म्हणून पोचल्यावर आधी जरा उंचावर उभं राहून १० मिनिटं नुसत्या लाटा बघा. दोन्हीकडे पांढरा फेस आणि मधेच लाट न फुटणारा गडद, गुळगुळीत पट्टा दिसला, तर तिथे पाणी बहुधा आत खेचत असतं. मुलांना नेमकी तीच जागा खेळायला बरी वाटते!

मग मोठ्यांपैकी एकाने आत चालून बघावं. वीसेक पावलांनंतरही पाणी गुडघ्याएवढंच आणि पायाखाली वाळू असेल, तर जागा चांगली. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, तिथे जीवरक्षकाची नजर असते. जांभळा झेंडा म्हणजे पाण्यात जेलीफिश वगैरे.

हवेची ट्यूब मात्र समुद्रात नकोच. जमिनीकडून वारा सुटला की ती बघता बघता लांब जाते.